पास संपलेला, खिशात पैसे नाहीत आणि समोर टीसी: पुढे नेमके काय होते?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा 20 वर्षांचा, कॉलेजला रोज लोकलने जातो. त्रैमासिक पास रविवारी संपला, ते त्याच्या लक्षात आले नाही आणि बुधवारी जिन्याच्या तोंडाशी टीसीने अडवले. खिशात 40 रुपये, मोबाईलची बॅटरी उतरलेली. टीसीने त्याला कार्यालयात बसवले आणि तिथल्या फोनवरून घरी फोन करू दिला. वडील गेले, 265 रुपये भरले, पावती घेतली आणि मुलाला घेऊन आले. आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पुढच्या महिन्यात मुलगा बँक भरतीचा फॉर्म भरणार आहे, तिथे ही गोष्ट आडवी येईल का? त्या दिवशी पैसे मिळालेच नसते तर काय झाले असते? आणि कोणीतरी सल्ला दिला आहे की पास होताच, फक्त तारीख गेली होती, तेव्हा अपील करून पैसे परत मागा; ते योग्य आहे का?

माझी नोकरी तिकीट तपासणीत गेली, 31 वर्षे. निम्मी उपनगरी लोकलवर, निम्मी लांब पल्ल्याच्या गाड्यांवर. रेल्वेच्या कोर्टात तक्रारदार म्हणून किती वेळा उभा राहिलो त्याची गणती नाही. तेव्हा जे सांगतो ते दोन्ही बाजू पाहून सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या काळजीने घरातली झोप उडाली असणार. मुलाच्या नावावर गुन्हा नाही, केस नाही, पोलिसांत नोंद नाही. फॉर्ममध्ये लिहिण्यासारखे काहीही घडलेले नाही. तुमच्या हातातली पावती काढून वाचा. ती जादा भाडे तिकिटाची, म्हणजे आमच्या भाषेत ईएफटीची पावती आहे. तिच्यावर भाडे वेगळे आणि जादा आकार वेगळा दाखवलेला असेल: 15 आणि 250.

आपण सगळे याला 'दंड' म्हणतो, आम्हीसुद्धा आयुष्यभर म्हणत आलो. गोंधळ त्या शब्दाने होतो. रेल्वे अधिनियम 1989 मध्ये दोन कलमे शेजारी शेजारी आहेत, 137 आणि 138. कलम 138 हे वसुलीचे कलम आहे. योग्य तिकीट किंवा पास नाही, किंवा मागितल्यावर दाखवता आला नाही, तर झालेल्या प्रवासाचे भाडे आणि त्यावर जादा आकार द्या. यात तुमची नियत काय होती, हे कोणी विचारत नाही. विसरलात, हरवले, घाईत राहिले, सगळ्यांना एकच हिशेब. पैसे भरले की विषय तिथेच मिटला. कलम 137 हे गुन्ह्याचे आहे. रेल्वेला फसवण्याच्या हेतूने विनातिकीट प्रवास केला असे दिसले तर ते लागते आणि मग प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खास कारण नोंदवल्याशिवाय 500 रुपयांच्या खाली दंड करता येत नाही. शिवाय भाडे आणि जादा आकार द्यावा लागतो तो वेगळाच. तुमच्या मुलाचे प्रकरण 138 मध्ये सुरू झाले आणि तिथेच संपले.

जादा आकार कसा लावतात तेही सांगतो, कारण 'टीसीने मनाला येईल तो आकडा लावला' अशी तक्रार मी हजारदा ऐकली आहे. भाड्याइतकी रक्कम किंवा 250 रुपये, यांतली जी जास्त ती. लोकलच्या दुसऱ्या वर्गात भाडे थोडके असते, म्हणून तिथे 250 चाच आकडा दिसतो. मेल-एक्स्प्रेसमध्ये भाडे 400 असेल तर 400 अधिक 400, म्हणजे 800. भाडे 180 असेल तर 180 अधिक 250, म्हणजे 430. दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन पहिल्या वर्गात सापडलात तर पूर्ण भाडे नव्हे, दोन वर्गांतला फरक धरतात, आणि जादा आकार त्या फरकाइतका किंवा 250, जो जास्त तो. तिकिटाच्या पुढच्या स्टेशनापर्यंत गेलात तरी असेच, फक्त पुढच्या तुकड्याचा हिशेब होतो.

खरी खोच असते ती भाडे कुठून मोजायचे यात. कुठे चढलात याबद्दल शंका असेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे लावता येते, किंवा वाटेत तिकिटे तपासून झाली असतील तर शेवटची तपासणी झाली तिथपासूनचे. लोकलमध्ये याने फार फरक पडत नाही. पण चेन्नईहून मुंबईला येणाऱ्या गाडीत दौंडला विनातिकीट चढलात, दाखवायला काही नाही आणि वाटेत तपासणीही झालेली नाही, तर हिशेब चेन्नईपासून होऊ शकतो. म्हणून जवळ जे काही असेल ते दाखवावे. संपलेला पास, प्लॅटफॉर्म तिकीट, चढण्याच्या स्टेशनावरची एखादी पावती. प्लॅटफॉर्म तिकिटावर प्रवास करता येत नाही, पण तुम्ही कुठून आलात हे सांगायला त्याचा उपयोग होतो.

आता 137 कधी लागते, हे जरा सावकाश सांगतो. हेतू कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. तो वागण्यातून दिसतो. टीसी पहिल्या दोन मिनिटांत जे पाहतो त्यावर बरेच ठरते. एक दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की आजही डोळ्यांसमोर येते: प्लॅस्टिकच्या कव्हरातला पास, हात पुढे केलेला, आणि अंगठा बरोबर तारखेवर. आम्ही म्हणायचो, "जरा अंगठा काढा." ज्याला खरेच माहीत नसते तो पटकन काढतो आणि तारीख बघून त्याचाच चेहरा पडतो. ज्याला माहीत असते त्याचा अंगठा जागचा हलत नाही, तो कव्हर खिशात घालू लागतो, नाहीतर दुसऱ्याच विषयावर बोलू लागतो. तुमच्या मुलाने पास सरळ हातात दिला असणार. तीन दिवसांपूर्वी संपलेला पास आणि त्याआधी कित्येक महिने सलग काढलेले पास, हे पाहून कोणताही समजदार टीसी 138 च लावील. याउलट एकदा वापरलेले तिकीट पुन्हा वापरणे हे 137 मध्ये नाव घेऊन सांगितलेले आहे. खोटे नाव-पत्ता सांगणे, पळणे, मित्राचा पास दाखवणे, यांनी साधी चूक गुन्ह्याच्या रस्त्याला लागते.

म्हणून मुलांना मी एकच विनंती करतो. टीसीने विचारायच्या आधी, निदान विचारताक्षणी, खरे ते सांगून टाका: "साहेब, पास संपलाय, आत्ता लक्षात आले." पैसे द्यावे लागतील, त्यातून सुटका नाही. पण प्रकरण 138 च्या आत राहण्याची सगळ्यात भक्कम सोय तीच आहे.

दुसरा प्रश्न: पैसे मिळालेच नसते तर? साधारण क्रम असा असतो. टीसी आधी थांबून पैसे मागवायला वेळ देतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोडने पैसे घेतात, त्यामुळे घरून कोणी पाठवले तरी चालते. तेही जमले नाही तर कलम 138 मध्येच तरतूद आहे: रेल्वेचा अधिकृत कर्मचारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो आणि ती रक्कम दंडासारखी वसूल करण्याचा हुकूम होऊ शकतो. तरीही भरली नाही तर दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद. किंवा हेतू फसवणुकीचा दिसला तर 137 खाली आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या ताब्यात देऊन कोर्टात उभे करतात. हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि ताब्यात घेतलेल्याला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावेच लागते. मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जायला हवे, नेहमीच्या कोर्टात नव्हे. हे पालकांनी तिथल्या तिथे ठामपणे सांगावे आणि वयाचा पुरावा घेऊन जावे. एकट्या बाईला किंवा मुलाला तिकीट नाही म्हणून कुठल्याही स्टेशनावर, अपरात्री उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, तेही दिवसाच, असे कलम 139 सांगते.

आणि काही झाले तरी पळू नका. हे लिहिताना माझा हात थांबतो. माझ्यासमोर एका मुलाने, तुमच्या मुलाएवढाच, मला पाहून प्लॅटफॉर्मच्या उलट्या बाजूने रुळांवर उडी मारली. गाडी उभी होती, शेजारच्या रुळावर त्या क्षणी काही नव्हते, म्हणून वाचला. घोटा मोडला. त्याला उचलून आणले तेव्हा त्याच्या दप्तरात तिकीट होते. दुसऱ्या वर्गाचे तिकीट होते आणि गर्दीच्या रेट्यात तो पहिल्या वर्गात चढला होता. भाड्याचा फरक आणि 250 रुपये, एवढाच मामला होता. त्या दिवसानंतर मी दारात उभे राहून तिकीट मागणे सोडले. आत जाऊन, गाडी चालू असताना, शांतपणे विचारायचो. टीसीच्या अंगावर जाणे, हात धरणे, पावती-पुस्तक ओढणे हेही नको. कर्तव्यात अडथळा आणल्याचे कलम 146 वेगळे आहे, आणि धक्काबुक्की झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम 132 लागते. ती प्रकरणे 250 रुपयांत मिटत नाहीत, वर्षानुवर्षे चालतात.

कोर्टात जायची वेळ आलीच तर तिथे काय होते? सकाळी पकडलेले दहा-वीस जण एका बाकावर बसलेले असतात. नाव पुकारले जाते, आरोप सांगितला जातो, "कबूल आहे का?" असे विचारले जाते. बहुतेक जण घरी जायच्या घाईत "हो" म्हणतात, दंड भरतात आणि पावती खिशात घालून निघतात. त्यांना वाटते, टीसीला भरले काय आणि इथे भरले काय, सारखेच. सारखे नाही. कबुली देऊन 137 खाली दंड भरणे म्हणजे फौजदारी कोर्टाने दोषी ठरवणे. ज्याला खरोखर विसर पडला होता त्याने "हो" म्हणण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगावे की फसवायचा हेतू नव्हता, भाडे आणि जादा आकार भरायची तयारी आहे, जुने पास हे पाहा. ऐकून घेतात, मी पाहिले आहे. ताब्यात असलेल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मागता येते. तिथे विधी सेवेचे वकील मिळतात का, हे विचारायला संकोच करू नये.

फॉर्मचा मुद्दा इथेच येतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराची पार्श्वभूमी तपासण्याच्या फॉर्ममध्ये, विचारलेले असते: कधी अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, कोर्टाने दंड केला आहे का. कोर्टात दंड भरलेल्याने तिथे "होय" लिहायला हवे, रक्कम कितीही किरकोळ असो. लपवणे हे मूळ चुकीपेक्षा महाग पडते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती खरी द्यावी असेच सांगितले. प्रकरण क्षुल्लक असेल तर नोकरी देणारा ते नजरेआड करू शकतो हेही सांगितले. पासपोर्टच्या बाबतीत चिंता असते ती चालू असलेल्या फौजदारी खटल्याची, म्हणून असे प्रकरण लोंबकळत ठेवू नये, तारखेला हजर राहून निकाल लावून घ्यावा. तुमच्या मुलाला मात्र यातले काही लागू नाही. अटक नाही, खटला नाही, कोर्टाचा दंड नाही. त्याने प्रत्येक रकान्यात निःशंक "नाही" लिहावे, ते खरेच आहे.

तिसरा प्रश्न अपीलाचा. नका करू. मुदत संपलेला पास म्हणजे पास नाही, आणि टीसीने नियमाने घेतले तेवढेच घेतले. अपील करावे ते टीसी चुकला असेल तेव्हा: तिकीट वैध असून दंड लावला, पाच वर्षांखालच्या मुलाचे भाडे घेतले, हिशेब चुकीच्या स्टेशनापासून केला. तेव्हासुद्धा जागेवर पैसे भरून पावती घ्यावी आणि मग विभागाच्या वाणिज्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत पावतीची आणि तिकिटाची प्रत. रेल मदद या रेल्वेच्या तक्रार सेवेवर किंवा 139 या हेल्पलाइन क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. प्लॅटफॉर्मवर हुज्जत घालून पैसे परत मिळाल्याचे मी एकदाही पाहिले नाही; लेखी अर्जावर मिळालेले पाहिले आहेत, माझ्याच एका चुकीचे पैसे एका गृहस्थांना असे परत गेले होते, आणि योग्यच झाले. पावतीशिवाय मात्र एक रुपयाही देऊ नका. तोतये टीसी फिरतात. ओळखपत्र बघायला मागणे हा तुमचा हक्क आहे, खऱ्या टीसीला त्याचा राग यायचे कारण नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण मुलांच्या गप्पांत हल्ली असते म्हणून सांगतो: मोबाईलमधल्या पासाच्या चित्रावर तारीख बदलून घेणे. "फक्त फोटो एडिट केलाय" असे म्हणतात. कागदी तिकिटावरची तारीख खाडाखोड करून न वाचण्याजोगी केली तर रेल्वे अधिनियमात त्याला वेगळी शिक्षा आहेच. पण बनावट पास तयार करून तो खरा म्हणून दाखवला की भारतीय न्याय संहितेची 318, 336 आणि 340 ही फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवजाची कलमे लागतात. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. टीसी ॲपमधला पास उघडून दाखवायला सांगतो, क्रमांक तपासतो, आणि लगेच कळते. अशी मुले कोर्टात रडताना पाहिली आहेत आणि तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही हातात काही उरलेले नसते.

अवैध तिकिटाच्या बाकीच्या तऱ्हा थोडक्यात. मोबाईल तिकीट ॲपमध्येच दाखवावे लागते, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी उतरली तर तिकीट नाही असेच धरतात. गाडीत बसल्यावर किंवा टीसी दिसल्यावर काढलेले तिकीट उपयोगाचे नाही, ॲपही स्टेशनाच्या आवारात क्यूआर कोडशिवाय ते काढू देत नाही. पास दुसऱ्याला देता येत नाही, सख्ख्या भावालाही नाही. पहिल्या वर्गाचा पास एसी लोकलला चालत नाही. ऑनलाईन काढलेले तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिले तर तक्ता लागल्यावर ते आपोआप रद्द होते. ते घेऊन गाडीत चढलात तर विनातिकीट. खिडकीवरचे वेटिंग तिकीट रद्द होत नाही, पण त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, जनरलमध्येच जावे लागते. ई-तिकिटावर प्रवास करताना मूळ ओळखपत्र जवळ हवे; डिजिलॉकरमधले आधार किंवा वाहन परवाना चालतो.

एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. तिकीट काढायला खरोखर वेळच मिळाला नाही, तर गाडीत चढण्याआधी गार्डला, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, किंवा टीसीला सांगून परवानगी आणि तसा दाखला मागता येतो. कलम 55 मध्ये ते आहे. तो दाखला हातात असेल तर फक्त भाडे द्यावे लागते, जादा आकार नाही. लोकलच्या गर्दीत हे जमणे अवघड, पण छोट्या स्टेशनावर लांबच्या गाडीसाठी मी स्वतः असे दाखले पाहिले आहेत.

आणि पावतीबद्दल राहिले. ती पावती त्या एका प्रवासापुरतीच तिकीट होती, परतीला चालत नाही. दंड भरून त्याच संध्याकाळी विनातिकीट परतणारे आणि पुन्हा सापडणारे लोक असतात. नवा पास निघाला असेल अशी आशा आहे. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका रोज पहाटेच्या गाडीने जायच्या. पास काढला की त्याच दिवशी शेवटची तारीख मोठ्या आकड्यांत चिठ्ठीवर लिहून ती जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायच्या. बावीस वर्षांत त्यांचा पास एकदाही संपलेला सापडला नाही.